अगं, हे तर टिपरे आबा!

 

प्रसंग तुमच्या ओळखीचा आहे. शनिवारची रात्र, जेवणं झालेली, टीव्हीवर एखादा सिनेमा चालू. पडद्यावर एक म्हातारे गृहस्थ येतात, दोन वाक्यं बोलतात आणि सोफ्याच्या कोपऱ्यातून आवाज येतो, "ह्यांना कुठंतरी पाहिलंय." झालं, सिनेमा राहिला बाजूला. "ते नाही का, त्या मालिकेत होते, ज्यांची सून सारखी घड्याळाकडे बघायची." "कुठली मालिका?" "अगं ती, जेवायच्या वेळेला लागायची ती." नाव कुणालाच आठवत नाही. शेवटी एक मेसेज थेट पुण्याला मावशीला जातो, तिकडे किती वाजलेत याचा विचार न करता. मावशीही जागी असतेच, आणि तिलाही चेहरा आठवतो, नाव आठवत नाही.

हे "कुठंतरी पाहिलंय" म्हणजे नेमकं काय होतं? ओळखीचा नट वेगळ्या वेषात आला की आपण कशावरून ओळखतो, कधी फसतो, आणि इथे वाढलेली आपली मुलं आपल्यापेक्षा जास्त का फसतात, याबद्दल आज बोलू. उदाहरणासाठी माणूस एकच घेऊ, म्हणजे गोंधळ होणार नाही. खरं तर गोंधळ घालायला तो एकटा पुरेसा आहे. दिलीप प्रभावळकर.

ज्यांचं लहानपण मुंबई दूरदर्शनवर गेलं त्यांच्यासाठी प्रभावळकर म्हणजे चिमणराव. मुंबईचं केंद्र १९७२ साली सुरू झालं आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशींच्या कथांवरची "चिमणराव गुंड्याभाऊ" आली. चाळीत ज्या घरी टीव्ही असेल त्या घरी अख्खा मजला येऊन बसायचा, तो काळ. प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. १९९१ साली "चौकट राजा" आला. त्यातला नंदू लहानपणी झाडावरून पडतो, डोक्याला मार लागतो, आणि पुढे शरीराने वाढतो पण मनाने लहानच राहतो. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, "झपाटलेला"तला तात्या विंचू. मग २००१ पासून तेव्हाच्या अल्फा मराठीवर, म्हणजे आताच्या झी मराठीवर, "श्रीयुत गंगाधर टिपरे". त्यात रोज रात्री डायरी लिहिणारे आबा. ही मालिका प्रभावळकरांच्याच "अनुदिनी" या वर्तमानपत्री सदरावरून केलेली, म्हणजे आबा त्यांच्याच लेखणीतून आलेले. २००६ साली "लगे रहो मुन्नाभाई"मध्ये महात्मा गांधी. त्या वर्षीच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सहायक अभिनेत्याचा पुरस्कार त्यांना मिळाला. २००८ साली "सरकार राज"मध्ये रावसाहेब, वरून साधे, शांत, आणि पोटात काय आहे ते शेवटपर्यंत कळू न देणारे. नाटकाचं तर विचारूच नका. "हसवाफसवी" त्यांनी स्वतःसाठी लिहिलं आणि त्यात एकाच प्रयोगात सहा भूमिका केल्या. त्यातले एक नव्वदीच्या आसपासचे संगीत नाटकवाले कृष्णराव हेरंबकर, आणि एक चक्क बाई.

आपल्याकडे म्हणतात की सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. प्रभावळकरांनी बाकीची जवळजवळ सगळी आणून झाली आहेत.

आता आमच्या घरातली गोष्ट. आमचा धाकटा नऊ वर्षांचा. मागे माझी आई भारतातून आलेली असताना सगळ्यांनी मिळून "मुन्नाभाई" पाहिला. आई म्हणाली, "टिपरे आबा किती छान दिसतायत." धाकटा म्हणाला, "आजी, ते गांधीजी आहेत." "हो रे राजा, पण आहेत ते आबाच." त्याला आबा कोण हे माहीत नव्हतं, म्हणून टिपरेंचा एक भाग लावला. त्याने दोन मिनिटं निरखून पाहिलं आणि जाहीर केलं की हे दोघं वेगळे आहेत. मग तात्या विंचू दाखवला आणि हेही तेच म्हणून सांगितलं, तेव्हा त्याने आम्हाला सरळ वेड्यात काढलं. "यू गाइज आर मेकिंग धिस अप."

तुम्ही म्हणाल, लहान मूल आहे, होईल हळूहळू. पण हा वयाचा प्रश्न नाही. मोठ्या, हुशार, चष्म्याचा नंबरही नसलेल्या माणसांचं अगदी असंच होतं, आणि ते एका फार सुंदर प्रयोगातून दिसलं आहे.

२०११ साली रॉब जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये लोकांना चाळीस फोटो दिले. पत्त्यांसारखे, हातात धरता येतील असे. सांगितलं एवढंच की एका व्यक्तीचे सगळे फोटो एका ढिगात ठेवा. किती व्यक्ती आहेत ते सांगितलं नाही. वेळेचं बंधन नाही, हवं तितकं निरखा. लोकांनी साधारण सात-आठ ढीग केले. काहींनी त्याहून कितीतरी जास्त. प्रत्यक्षात ते फोटो फक्त दोन बायकांचे होते, प्रत्येकीचे वीस. दोघी नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध, ब्रिटनमध्ये कुणाला माहीत नसलेल्या. मग तेच पत्ते डच लोकांसमोर ठेवले. जवळजवळ प्रत्येकाने दोन ढीग करून परत दिले, आणि यात अवघड ते काय, असा चेहरा केला असणार.

यातली बारीक गोष्ट लक्षात घ्या. ब्रिटिशांनी त्या दोघींची आपसात सरमिसळ फारशी केली नाही. त्यांची चूक एकाच दिशेची होती: एकाच बाईच्या त्यांनी चार-चार बायका केल्या. केस बांधलेली एक, मोकळे सोडलेली दुसरी, हसणारी तिसरी, कडक उन्हात डोळे बारीक केलेली चौथी. आमच्या धाकट्याने प्रभावळकरांचे तीन ढीग केले, तसेच.

आपल्याला वाटतं की एखाद्याचा चेहरा माहीत असणं म्हणजे मनात त्याचा एक फोटो चिकटवलेला असणं. तसं असतं तर ब्रिटिशांनीही एक फोटो बघून दुसरा जुळवला असता. चेहरा माहीत असणं म्हणजे तो चेहरा कुठवर बदलू शकतो हे माहीत असणं. थकला की कसा दिसतो, रागावला की नाकपुड्या कशा होतात, दहा वर्षांनी कसा झाला, खालून प्रकाश पडला की कसा वाटतो. असे शेकडो नमुने नकळत जमा होतात, आणि मग कुठलाही नवा नमुना त्यात बसतो की नाही हे मन क्षणात सांगतं. प्रत्येक चेहऱ्याचा हा साठा वेगळा करावा लागतो. तुमच्या मामाचा चेहरा कसकसा बदलतो हे कळल्याने प्रभावळकरांचा कसा बदलेल ते कळत नाही. आईने चिमणराव पाहिला, नंदू पाहिला, विंचू पाहिला, आबा तर दर आठवड्याला पाहिले. तिच्याकडे तीस वर्षांचा साठा. नातवाकडे एक गांधीजी.

अनोळखी चेहरा आपण मुख्यतः बाहेरून ओळखतो: केसांची ठेवण, कपाळाची रेषा, चेहऱ्याचा एकूण आकार. चेहरा ओळखीचा झाला की भर आत सरकतो, डोळे, नाक, तोंड आणि त्यांची एकमेकांशी असलेली मांडणी यांवर. १९७९ सालापासूनच्या प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. रंगभूषाकाराला बदलायला सर्वांत सोपं काय? केस, दाढी, मिशी, टोपी, म्हणजे बाहेरचंच सगळं. म्हणून टोप आणि मिशी लावली की नवखा प्रेक्षक फसतो आणि जुना प्रेक्षक म्हणतो, "मिशी लावली म्हणून काय झालं, डोळे बघ ना!"

पण मग जुना प्रेक्षकही कधी कधी फसतो तो का?

एक कारण म्हणजे जागा. इथल्या देसी दुकानात दर आठवड्याला तुमचं सामान मोजून देणारे काका एखाद्या दिवशी विमानतळावर, सूट घालून, तुमच्या समोर उभे राहतात. ओळखीचे आहेत याची खात्री, पण कोण ते काही केल्या उमगत नाही. जॉर्ज मँडलर या मानसशास्त्रज्ञाने १९८० साली याचं उदाहरण दिलं होतं ते बसमध्ये दिसलेल्या खाटकाचं, त्याच्याकडे वाणी नव्हता एवढाच फरक. ओळखीचं वाटणं ही एक गोष्ट आणि कोण ते आठवणं ही दुसरी. पहिली फटकन होते, दुसरीला आजूबाजूचा आधार लागतो, काउंटर, वजनकाटा, मागची डाळींची फळी. टिपरे आबांचा आधार म्हणजे त्यांचं मध्यमवर्गीय घर, सून श्यामला, नातू शिऱ्या आणि हातातली डायरी. ते सगळं काढून घेतलं आणि त्यांना रामगोपाल वर्मांच्या काळोख्या चौकटीत बसवलं की आपलीही गाडी क्षणभर अडते.

दुसरं कारण मला जास्त गमतीचं वाटतं. गांधीजींची भूमिका घ्या. गोल चष्मा, टक्कल, पंचा, काठी. हा जगातल्या सर्वांत ओळखीच्या आकारांपैकी एक. नोटेवर आहे, पुतळ्यांवर आहे, लहान मूल चार रेघांत काढतं. तो आकार पडद्यावर आला की मन ताबडतोब उत्तर देतं: गांधीजी. उत्तर मिळालं, प्रश्न संपला. आतला नट कोण हा प्रश्न मनात उठायला वावच राहत नाही. म्हणजे तिथे प्रभावळकर रंगाखाली लपले त्याहून जास्त दुसऱ्या एका ओळखीखाली लपले. चेहरा पूर्ण अनोळखी करणं अवघड, पण त्याच्यावर त्याहून मोठी ओळख ठेवली की काम होतं. आपल्याकडचे बहुरूपी हेच करायचे. पोलिसाचा वेष करून दारात उभा राहिलेला बहुरूपी चेहऱ्याने कुणीही असो, तुम्ही आधी टोपी आणि पट्टाच बघणार.

आता रेडिओवाल्यांच्या जिव्हाळ्याचा भाग, आवाज. "झपाटलेला"मध्ये माणसाच्या रूपातला तात्या विंचू सुरुवातीला थोडा वेळच दिसतो. त्याचा जीव बाहुल्यात शिरतो आणि पुढे पडद्यावर असतो तो रामदास पाध्यांचा बाहुला. भीती वाटते ती मात्र प्रभावळकरांच्या आवाजाची. चेहरा नाही, हातवारे नाहीत, डोळे लाकडी. आणि तरी आजही भारतातली चाळिशीची माणसं सांगतात की त्या काळात घरातली बाहुली कपाटात बंद करून ठेवायला लागायची.

आवाजाने ओळखणं चेहऱ्याने ओळखण्यापेक्षा एकूणच अवघड जातं, प्रयोगांत तसंच दिसतं. फोनवर "ओळख बघू कोण" म्हणणाऱ्या काकांनी आपल्याला किती छळलंय ते आठवा. आवाजातल्या काही गोष्टी नट सहज बदलतो: पट्टी वर-खाली, वेग, हेल, कुठे थांबायचं ते. काही गोष्टी सहज सुटत नाहीत, कारण त्या गळ्याच्या आणि तोंडाच्या पोकळीच्या घडणीतून येतात.  पुढच्या वेळी टिपरेंचा भाग लावाल तेव्हा पाच मिनिटं डोळे मिटून ऐका. मग विंचू ऐका. आधी दोन वेगळी माणसं वाटतील. तीन-चार वेळा ऐकल्यावर शब्द सोडताना होणारी एक छोटीशी लकब दोन्हीकडे सापडते का ते बघा. मला सापडली आहे असं वाटतं, पण मी सांगणार नाही, नाहीतर तुम्हालाही तीच ऐकू येईल.

आणि चाल. गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली माणसाच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून अंधारात त्याला चालवलं. पडद्यावर फक्त दहा-बारा ठिपके, पण पाहणाऱ्यांना लगेच कळलं की माणूस चालतोय. पुढे इतरांनी दाखवलं की अशा ठिपक्यांवरून लोक आपल्या मित्रांनाही बऱ्यापैकी ओळखतात. घरातलं कोण जिन्यावरून येतंय ते तुम्हाला पावलांवरून कळतंच. हे लक्षात ठेवून नंदूची चाल पाहा, मानेचा कोन पाहा, हात कसे लोंबतात ते पाहा. तिथे रंगभूषा जवळजवळ नाहीच. चेहरा तोच आहे. प्रभावळकर दिसत नाहीत याचं कारण मानेपासून खाली सगळं दुसऱ्याचं आहे. माझ्या मते त्यांचं सर्वांत अवघड सोंग हेच, गांधीजींपेक्षाही. पुरस्काराच्या यादीत काहीही असो.

बरं, ओळखलं. आता नाव?

नाव शेवटीच येतं आणि बऱ्याचदा येतच नाही, यात तुमची काही चूक नाही. १९८५ साली ब्रिटनमध्ये बावीस जणांनी काही आठवडे रोजनिशी ठेवली. आबांच्यासारखीच, फक्त विषय एकच: आज कुणाला ओळखताना मी कुठे अडलो. नऊशेहून जास्त नोंदी जमल्या. चेहरा ओळखीचा, पण कोण ते माहीत नाही, असं भरपूर वेळा झालं. कोण ते माहीत आहे, काय काम करतो तेही माहीत आहे, पण नाव आठवत नाही, असंही भरपूर वेळा. नाव आठवलं, पण हा कोण ते माहीत नाही, असं एकदाही नाही. म्हणजे पायऱ्या ठरलेल्या आहेत: आधी ओळखीचं वाटणं, मग कोण ते, मग नाव. गाडी कुठल्याही पायरीवर अडते, पण पायरी गाळून पुढे जात नाही.

नावच का अडतं, याचं उत्तर आपल्या आडनावांतून छान कळतं. समजा तुम्हाला एक फोटो दाखवून सांगितलं, "हे सोनार आहेत, दागिने घडवतात." दुसरा दाखवून सांगितलं, "यांचं आडनाव सोनार." शब्द तोच. पण आठवड्याने विचारलं तर धंदा आठवेल आणि आडनाव विसराल. इंग्रजीत असाच प्रयोग बेकर या शब्दावर झालेला आहे. दागिने घडवणाऱ्या माणसाभोवती भट्टी, चिमटा, तराजू असं सगळं येऊन बसतं. आडनावाभोवती काहीच नसतं. म्हणून आपल्याला नटाचं नाव आठवत नाही पण त्याची सून घड्याळाकडे बघायची ते आठवतं.

घरात वडीलधारे असतील तर यातून एक कामाची गोष्ट. आजोबांना नटाचं नाव पटकन आठवलं नाही, ओठावर आहे म्हणाले, अर्ध्या तासाने जेवताना एकदम आठवलं, तर काळजीचं काही नाही. ते तुमचंही होतं, तुम्ही फक्त फोन काढून बघता. पण वर्षानुवर्षं रोज भेटणारा शेजारी, घरातला माणूस कोण हेच समजेनासं झालं, पायरी शेवटची नसून पहिली-दुसरीच निसटायला लागली, तर डॉक्टरांना सांगायला उशीर करू नका. सुट्टीवर आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत हे आपल्याला लवकर दिसतं, कारण आपण वर्षाने भेटत असतो.

काही माणसांना जन्मापासूनच चेहरे ओळखता येत नाहीत, नजर उत्तम असूनही. शंभरात साधारण दोघांना याचा कमीअधिक त्रास असतो असा अंदाज सांगतात. प्रसिद्ध मेंदूतज्ज्ञ आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स यांना तो होता, आरशात स्वतःला ओळखतानाही त्यांची गफलत व्हायची. घरातलं मूल प्रत्येक सिनेमात "हा कोण, मघाचाच का?" असं विचारत असेल, शाळेच्या दारात आईने केस वेगळे बांधले की गोंधळत असेल, तर त्याला लक्ष नाही म्हणून रागावण्याआधी हे आठवा. याच्या उलट टोकाला एकदा पाहिलेला चेहरा न विसरणारे असतात. लंडनच्या पोलिसांनी अशा लोकांना हेरून कामाला लावलं होतं. प्रत्येक मंडळात अशी एक तरी काकू असते. ती तुम्हाला सांगते की २००८ च्या गणपतीत तुम्ही निळा कुर्ता घातला होता.

ओळखलं जाणं नटाला मात्र नेहमी सुखाचं नसतं. बाळ कर्वे यांनी रंगभूमीवर आणि पडद्यावर कितीतरी वर्षं काम केलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते गेले, तेव्हा बातमी आली ती गुंड्याभाऊ गेल्याची. "महाभारत" मालिकेतल्या श्रीकृष्णानंतर नितीश भारद्वाज यांच्या पाया पडणारी माणसं होती. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी १९९२ मध्ये डॉ. जब्बार पटेलांच्या "एक होता विदूषक"मध्ये मन लावून काम केलं, पटकथा होती पु. लं.ची. लोक लक्ष्याला बघायला गेले आणि लक्ष्या तिथे नव्हता. सिनेमा चालला नाही. आज पाहाल तर वाटेल, हा माणूस हे करू शकत होता आणि आपण त्याला पुन्हा पुन्हा तेच करायला लावलं. प्रभावळकर यातून सुटले याचं एक कारण मला असं दिसतं की प्रत्येक सोंग लोकांच्या अंगवळणी पडायच्या आत त्यांनी पुढचं आणलं. एका माणसाचे इतके ढीग झाले की कुठल्याच ढिगाला त्याला अडकवता येईना.

आता पुन्हा मुलांकडे. कारण ढिगांची ही गोष्ट नटापुरती नाही.

आपली मुलं आजीला कशी ओळखतात? फोनच्या पडद्यावर, दर रविवारी, त्याच खुर्चीत, त्याच ट्यूबलाइटखाली, बऱ्याचदा कपाळापासून वरचीच. म्हणजे वीस फोटोंपैकी एकच फोटो वीस वेळा. मग तीन वर्षांनी पुण्याला गेलो की दारात आजी उभी असते, उंचीने ठेंगणी, स्वेटर घातलेली, दात काढून ठेवलेले. पाच वर्षांचं मूल आईच्या पायामागे लपतं. आजीला लागतं ते. आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं आणि आपण मुलाला पुढे ढकलतो, "अरे, आजी आहे ना, ओळखलं नाहीस?" नाही ओळखलं. तुटपुंजा साठा असलेल्याची चूक याच दिशेने होते, एका माणसाची दोन माणसं होतात. ते प्रेम नसण्याचं लक्षण नव्हे.

डोळ्यांना कसला सराव मिळतो यावर किती अवलंबून असतं, त्याचं एक उदाहरण. कोरियात जन्मलेली आणि तीन ते नऊ या वयात युरोपीय घरांत दत्तक गेलेली मुलं मोठी झाल्यावर त्यांची चाचणी घेतली गेली. निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यांना युरोपीय चेहरे आशियाई चेहऱ्यांपेक्षा सोपे जात होते. जन्म कुठला याने ठरलं नाही, रोज कोण दिसत होतं याने ठरलं. आपल्या मुलांना दिवसभर जे चेहरे दिसतात ते आपण बदलू शकत नाही. पण आजीचे नमुने वाढवू शकतो.

भाऊ किंवा बहीण तिकडे असेल तर त्यांना सांगा, फोन आजीच्या हातात देण्याऐवजी ओट्यावर टेकवून ठेवा आणि तिला तिचं काम करू द्या. पोळ्या लाटताना ती कशी दिसते, वाणसामानाच्या पोऱ्याशी हुज्जत घालताना कशी दिसते, पेपर वाचताना चष्मा कुठे जातो. वाढदिवसाचा ताठ बसून काढलेला फोटो सगळेच पाठवतात. हललेला, बाजूने आलेला, डुलकी लागलेला मागून घ्या. लग्नाचा जुना अल्बम काढून खेळ करा: यातली आजी कोण? आमच्याकडे पहिल्या दिवशी सगळ्यांनी आजीच्या मावसबहिणीवर बोट ठेवलं. महिनाभराने तीन वर्षांची परकरातली आजीसुद्धा बरोबर सापडायला लागली. तीही नाकावरून.

प्रभावळकरांचा खेळ खेळायचा असेल तर क्रम असा ठेवा. आधी टिपरेंचे चार-पाच भाग, सलग नकोत, दिवसाआड. चेहरा मुरू द्या. मग "चौकट राजा". मग "मुन्नाभाई", आणि ते कोण आहेत हे आधी सांगू नका. विंचू दहा वर्षांच्या पुढच्यांनाच, आणि दिवसाउजेडी. रात्री दाखवलात तर तुमच्या घरातल्या बाहुल्यांची जबाबदारी आमच्यावर नाही. सगळ्यात शेवटी २०२५ चा "दशावतार". त्यात ते आहेत बाबुली मेस्त्री, तळकोकणातले वयस्कर दशावतारी कलावंत, नजर अधू होत चाललेली. दशावतारात नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो आणि पुरुषच बायकांची सोंगंही घेतात, तेव्हा मुलांना आधी एवढं सांगून ठेवा. ऐंशी ओलांडल्यावर प्रभावळकरांनी हे काम केलं आहे आणि एकाच सिनेमात कितीतरी रूपं घेतली आहेत. प्रत्येक रूप आलं की घरातलं कोण आधी ओळखतं आणि कशावरून, डोळे, आवाज की चाल, ते एका कागदावर लिहून ठेवा. पुढच्या रविवारी फोन लाइन उघडी असेल. लहानांनी फोन केला तर आधी त्यांना घेऊ.